लग्नघरातली गाणी : धवळ्यांपासून मंगलाष्टकांपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी माहितीपूर्ण लिहा, पाककृती नको' असा संपादक मंडळाचा निरोप आला. पाककृती मी गेली अनेक वर्षे देत आलेली असल्याने हा निरोप नेमका कोणासाठी होता ते कळले. असो. विषय मात्र डोक्यात आधीपासून होता.

आपल्या मंडपात संध्याकाळच्या आरतीला उभे राहिले की एक गोष्ट जाणवते. ज्या मुलांचे सारे शिक्षण हिंदी नाहीतर इंग्रजीतून झाले, ज्यांना मराठी पाटीवरचे 'ळ' वाचताना अडखळायला होते, तीही गणपतीची, शंकराची, देवीची आणि विठोबाची आरती टाळ्यांच्या ठेक्यात बिनचूक म्हणतात. पण त्याच मुलांच्या घरी लग्न निघाले, मुहूर्त करायची वेळ आली आणि पाच सवाष्णी उखळाभोवती बसल्या, की सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात. गाणे कोणालाच येत नाही. मग कोणीतरी मोबाइलवर सिनेमातले लावते आणि वेळ निभावून नेते. एकच समाज, तीच घरे, तरी आरती टिकली आणि लग्नाची गाणी गेली, असे का व्हावे?

आरती टिकण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आरत्या छापल्या गेल्या. मुंबईच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी स्तोत्रांची पुस्तके घरोघरी पोहोचवली, पुढे आरतीसंग्रहाच्या चिमुकल्या पुस्तिका चार-आठ आण्यांत मिळू लागल्या. समर्थ रामदासांची म्हणून आपण म्हणतो ती गणपतीची आरती अशा किती पुस्तिकांच्या पहिल्या पानावर असेल याची गणती नाही. १८९३-९४ पासून लोकमान्यांच्या पुढाकाराने उत्सव सार्वजनिक झाला, तशी ती देवघरातून चौकात आली. दरवर्षी दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, शंभर माणसांच्या तोंडी. एवढी उजळणी पाढ्यांचीसुद्धा होत नाही.

लग्नातली गाणी मात्र बायकांची. ती कोणी छापली नाहीत, कारण ती 'वाङ्मय' आहे असेच फार उशिरापर्यंत कोणाला वाटले नाही. गंमत अशी की जुन्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख मात्र मोठ्या मानाने आलेला आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाला ठाऊक असावे असे सारे आहे : हत्ती, रत्ने, औषधे, स्वयंपाक, खेळ, गाणे. गाण्याच्या प्रकरणात तो सहज सांगून जातो की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. हे ज्ञानेश्वरीच्या (१२९०) दीडशेहून अधिक वर्षे आधीचे. म्हणजे ओवी ज्ञानदेवांच्या हाती आली तेव्हा ती उखळाजवळ पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली होती. आणखी एक गोष्ट आपण बाहेर राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी : ही नोंद करणाऱ्याची राजधानी आजच्या कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात बसवकल्याण येथे होती. आपल्या गाण्याची इतकी जुनी नोंद शेजाऱ्याच्या वहीत सापडली!

'कांडताना' हा शब्द वाचला आणि मला एकदम घाणा आठवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी मुहूर्त करतात तेव्हा उखळाची, मुसळाची आणि जात्याची पूजा होते. मुसळांना आंब्याची पाने बांधतात, हळकुंड-सुपारी बांधतात, आणि सवाष्णी मिळून थोडे धान्य कांडतात, हळद दळतात. घरोघरच्या रीतीत फरक असेल, पण गाणे सगळीकडे. त्या गाण्यांत आधी गणपतीला लग्नाचे बोलावणे जाते, मग कुलदैवताला, मग गावच्या देवांना, मग नवरीच्या मामाला. आज घरात कांडण नाही, दळण गिरणीत जाते, तरी लग्नापुरते पाच मिनिटे आपण ते करतो. सोमेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी ऐकलेले कांडणाचे गाणे आपल्या घरात नेमके ह्याच पाच मिनिटांपुरते उरले आहे.

पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघणाच्या दरबारात, शार्ङ्गदेव होता. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे, म्हणजे तोही आपल्यासारखाच बदलीवर आलेला. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ह्या ग्रंथाला हिंदुस्थानी आणि कर्नाटकी अशा दोन्ही पद्धतींचे लोक आजही मान देतात. त्यात गीतप्रकारांची जी यादी आहे तिच्यात धवल, मंगल आणि ओवी ही नावे आहेत. धवल आणि मंगल ही शुभप्रसंगी गायची गाणी. पंडिताने ती दरबारी गाण्याच्या पंगतीला बसवली.

धवल म्हणजेच मराठीतले धवळे, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे.

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. महानुभावांचे हे मोठे तीर्थस्थान. म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचले ते इथेच, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच स्थापन झाले आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू तिथे राहत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. उतारवयात गोविंदप्रभूंना एकदा लग्न करून घेण्याची लहर आली. त्यांच्या लीला जगावेगळ्या, आणि शिष्यांनी त्या प्रेमाने पुरवायच्या. लग्नाचा थाट मांडला गेला. लग्न म्हटले की गाणी हवीत, तेव्हा महदंबेने धवळे रचून गायले. विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. रुक्मिणी विदर्भाचीच लेक, तिचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूरही त्याच अमरावती जिल्ह्यात. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो तिची ओळख ही आहे : तिने लग्नाची गाणी रचली.

आणि ही महदंबा बालविधवा होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. ज्या समाजात पुढे शेकडो वर्षे विधवेला हळदीच्या पाटाजवळ उभे राहू दिले नाही, त्याच भाषेतले नाव माहीत असलेले पहिले लग्नगीत एका विधवेचे आहे, आणि ते तिने एका साधुपुरुषासमोर, त्याच्या संमतीने, भर मांडवात गायले आहे. शाळेत आम्हाला 'महदंबा - आद्य कवयित्री - धवळे' एवढे पाठ करायला लावले होते. धवळे म्हणजे काय हे विचारायचे सुचले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

रुक्मिणीच्या लग्नाने मराठी कवींना वेडच लावले म्हणायचे. महानुभाव कवी नरेंद्राने त्यावर काव्य केले, आणि १५७१ साली एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. ते पैठणला नाही, काशीत पुरे झाले. एकनाथी भागवतही दोन वर्षांनी काशीतच पूर्ण झाले. गंगेच्या काठी, परभाषेच्या मुलखात राहून ह्या माणसाने कृष्णाचे लग्न पार मराठी रीतिरिवाजाने लावून दिले. अठरा प्रसंगांचा हा ग्रंथ पुढे उपवर मुलींनी वाचायचा असा प्रघात पडला. माझ्या धाकट्या बहिणीने वाचला होता, आणि तिला चांगला नवरा मिळाला. अर्थात मी न वाचताही मला चांगलाच मिळाला, त्यामुळे ह्यावर अधिक भाष्य करीत नाही.

आता मंगलाष्टकांकडे वळते, कारण आपल्या वसाहतीत ती म्हणायला बऱ्याचदा मलाच बोलावतात.

मंगलाष्टके हे वेदमंत्र आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. विवाहाचा धार्मिक गाभा म्हणजे कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला असे म्हटले आहे. मंगलाष्टकांचे नावही नाही. आपल्याकडे मात्र अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या की 'लग्न लागले' असे म्हणून निम्मे पाहुणे जेवायला वळतात. सप्तपदीला भटजी, घरचे लोक आणि फोटोग्राफर एवढेच उरतात. म्हणजे मंगलाष्टके शास्त्राने अनिवार्य केलेली नाहीत, ती लोकांनी केली. माझ्या मते त्यांचे बळही ह्यातच आहे. मंत्राचा कानामात्राही बदलता येत नाही, मंगलाष्टक मात्र कोणीही, कोणत्याही भाषेत नवे रचावे.

बंधन एकच, ते वृत्ताचे. शार्दूलविक्रीडित, म्हणजे वाघाची क्रीडा. ओळीला १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. म्हणणाऱ्याला हा विसावा फार मोलाचा असतो. तिथे श्वास घेतला नाही तर ओळीचे शेवटचे अक्षर लांबवताना दम उरत नाही, आणि 'सावधान' घशातच राहते. रामदासांच्या आख्यायिकेतल्या त्या प्रसिद्ध 'सावधान'ला भटजींचा आवाज नक्कीच खणखणीत असणार!

जुन्या संस्कृत मंगलाष्टकांत काय काय आहे हे एकदा नीट ऐकावे. पहिल्यात गणपतीचे स्तवन, आणि त्यात अष्टविनायकांची गावे : मोरगाव, पाली, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव वगैरे. ही रचना संस्कृतचा शेला पांघरलेली अगदी पुण्याकडची आहे. दुसऱ्या एकात समुद्रमंथनातून निघालेली चौदा रत्ने आहेत. लक्ष्मी आणि कौस्तुभाबरोबर मद्य आणि विषही त्यात आले आहे, आणि ह्या सगळ्यांनी वधूवरांचे मंगल करावे अशी प्रार्थना आहे. संसाराचा अनुभव असलेल्या माणसानेच ते रचले असावे. आणि एकात नद्या आहेत : गंगा, सिंधू, यमुना, गोदावरी, नर्मदा, कावेरी, शरयू, क्षिप्रा, वेत्रवती, गंडकी. साऱ्या भारताचा नकाशा एका श्लोकात. रचणारा गोदाकाठचा असो वा कृष्णाकाठचा, आशीर्वादासाठी त्याने नद्या देशभरातून आणल्या. आपल्या भिलाईजवळून वाहणारी शिवनाथ मात्र त्यात नाही.

घरच्या माणसांनी रचलेली मराठी मंगलाष्टके ही याच्या पुढची पायरी. गुलाबी किंवा पिवळ्या पातळ कागदावर छापलेली, वर गणपतीचे चित्र, खाली 'रचनाकार : चि.सौ.कां.चे काका' असे काहीतरी. आजी-आजोबांची नावे वृत्तात बसवताना काकांची त्रेधा उडालेली स्पष्ट दिसते. साहित्य म्हणून ती कोणी वाचणार नाही, पण कुटुंबाचा इतिहास म्हणून वाचावीत. माझ्याजवळ अशी ६१ पत्रके जमली आहेत. कोण कोणत्या गावाहून आले, कोण कोणत्या खात्यात लागले, कोणाचे आजोळ कुठले, सारे त्यांत आहे. एका पत्रकात, १९८४ सालच्या, नद्यांच्या श्लोकाच्या चालीवर गोदावरीबरोबर शिवनाथ आणि महानदी आल्या आहेत. ते रचणारे गृहस्थ प्लांटमध्ये फोरमन होते.

मंगलाष्टकांत नवे सांगता येते हे सर्वांत धिटाईने ओळखले ते महात्मा फुल्यांनी. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहितावाचून झाला. पुढे १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचे एक छोटे पुस्तक काढले. त्यात मंगलाष्टके भटजी म्हणत नाहीत, वधू आणि वर स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, आणि वर वचन देतो. एकशे तीस-चाळीस वर्षांपूर्वी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी झालेला हा संवाद! आज लग्नात आपण नवरा-नवरीला लांबलचक नाव घ्यायला लावून हसतो. ह्यातले एखादे म्हणायला लावावे असे मला फार वाटते.

भिलाईत ही सारी गाणी कशी आली? छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ ते १७८७ रतनपूरहून कारभार करीत होते. पण आपण बहुतेक जण आलो ते कारखान्यामुळे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर-वर्धा-अमरावतीकडचे तरुण गाडीत बसून इकडे आले. क्वार्टर मिळाले, लग्ने झाली, आणि पाठोपाठ आया आल्या. गाणी आली ती त्यांच्याबरोबर.

आमच्या सासूबाई मोर्शी तालुक्यातल्या. १९६२ साली मोठ्या मुलाकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी बरोबर जाते आणले. दुर्ग स्टेशनावर हमालाने ते उचलायला नकार दिला होता, ही कथा घरात अजून सांगतात. त्यांना गाणी येत म्हणजे किती, ह्याचा अंदाज करणे कठीण. घाण्याची, हळदीची, विहिणीची, पाळण्याची, डोहाळ्यांची. पण त्यांचे यजमान लवकर गेले होते. १९७४ साली नणंदेच्या लग्नात घाणा भरताना पाचही सवाष्णी शहरात वाढलेल्या, दोन ओळींपुढे कोणाला काही येईना. सासूबाई आत स्वयंपाकघरात बसलेल्या. बाहेर यायचे नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, सांगावे लागत नव्हते. त्या आतूनच म्हणाल्या, "पयले गनपतीले बलावा, मंग बाकीच्याइले." मग आतून त्या एक ओळ म्हणत, मधल्या दारात उभी राहून मी ती ऐकून बाहेर सांगे, आणि बाहेरच्या बायका ती गात. सबंध घाणा असा झाला. त्या दारात मला दोन्ही बाजू दिसत होत्या, त्यांना नाही.

नंतर मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्या हसल्या. "लिवून काय करतं? गानं म्हनजे का पोथी हाय?" तरीही रेशनच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर तेवीस गाणी उतरली. चाली उतरल्या नाहीत. काही माझ्या गळ्यात आहेत, काही गेल्या. सासूबाई १९९१ साली वारल्या. महदंबेचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. रिद्धपूरच्या यात्रेला मात्र लहानपणी गेल्या होत्या.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसे होऊन गेली, म्हणून तर आपल्याला काही माहीत आहे. साने गुरुजींनी १९४०च्या आसपास 'स्त्री जीवन' ह्या नावाने बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. डॉ. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्रभरातून लोकगीतांचे खंडच्या खंड काढले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्व्हाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी' ह्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना ही मोठीच सोय आहे. पण ते जमवणारे खेड्यांत फिरले, आणि ते योग्यच होते. भिलाई, जमशेदपूर, राउरकेला ह्यांसारख्या कारखान्यांच्या गावी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या सासवांकडे सहसा कोण येणार? त्यांची गाणी कोणी टिपायची असतील तर ती आपणच.

ह्या बाबतीत आपले छत्तीसगडी शेजारी आपल्यापेक्षा शहाणे. त्यांच्याकडे लग्नाची सुरुवातच चुलमाटीने होते. बायका गात गात चुलीसाठी माती आणायला जातात. वऱ्हाड आले की भडौनी, म्हणजे व्याह्यांची यथेच्छ टर उडवणारी गाणी. आपल्याकडेही पूर्वी विहिणीच्या पंगतीला असे टोमणे चालत. आता विहीणबाई रागावतील म्हणून कोणी धजत नाही. आमच्या समोरच्या घरातल्या लग्नात नवऱ्यामुलाचा काका इंजिनियर असूनही भडौनीत त्याची मिशी सुटली नाही, आणि तो हसतच होता. त्यांच्या मुलींना ही गाणी येतात, कारण दरवर्षी आठ-दहा लग्नांत त्या गातात.

आमचे यजमान २०१३ साली गेले. तीन वर्षांनी शेजारच्या मुलीचे लग्न निघाले. तिची आई मला मंगलाष्टकांसाठी विचारायला आली आणि घाण्याबद्दल चाचरत काही बोलेना. मुलगीच म्हणाली, "गाणी काकूंना येतात, तर काकूच बसतील." एक-दोन वडीलधाऱ्या बायकांनी चेहरे केले. मी बसले. मुसळाला हात लावला, आणि आधी गणपतीला बोलावले. त्यानंतर आजवर सात लग्नांत बसले आहे, आणि त्यातल्या दोघींना प्रत्येकी चार गाणी पाठ झाली आहेत.

वहीची स्वच्छ प्रत मी आता काढली आहे. तेविसांपैकी पाच गाण्यांच्या काही ओळी अपुऱ्या आहेत, आणि सहा गाण्यांच्या चाली मला येत नाहीत. ज्यांच्या घरी अमरावती, वर्धा, यवतमाळकडच्या आजी असतील त्यांनी त्यांना एकदा विचारून पाहावे. जुनी मंगलाष्टकांची पत्रके असल्यास तीही आणावीत; प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देईन. दहाही दिवस संध्याकाळच्या आरतीनंतर मी मंडपात प्रसादाच्या टेबलाशी असते.